आयरिश पूर्वजांचें मूळ गांव : जळालेलीं दफ्तरें आणि वांचलेल्या वह्या

आपल्या देवळाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेंत आयर्लंडसारख्या दूरच्या बेटाची कथा कशाला, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनांत उभा राहील. त्यास आमचें उत्तर असें कीं, ज्या वस्तूविषयीं आम्ही लिहिणार आहों ती वस्तु आपल्याही सॅक्रिस्टीच्या कपाटांत आहे. ती म्हणजे बाप्तिस्म्याची वही. लग्न ठरलें म्हणजे दाखला काढण्यापुरती आपल्याला तिची आठवण होते. एरव्हीं ती आहे कीं नाहीं याची कोणी चौकशी करीत नाहीं. परंतु आयर्लंडांतून परागंदा झालेल्या लाखों कुटुंबांच्या वंशजांना, आपण मूळचे कोठले, या प्रश्नाचें उत्तर देणारी पुष्कळदां ती एकच वही जगांत उरली आहे. ती कां उरली ही हकीकत मोठी विलक्षण आहे, आणि तीच येथें सांगावयाची आहे.

इ. स. १८४१ च्या खानेसुमारींत आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाख ७५ हजार भरली होती. पुढें १८४५ पासून बटाट्याचें पीक रोगानें जमिनींतच कुजूं लागलें. १८५२ पर्यंत चाललेल्या त्या दुष्काळांत सुमारें दहा लाख माणसें भुकेनें व तापानें मेलीं आणि दहा लाखांहून अधिक देश सोडून गेलीं. १८५१ सालीं लोकसंख्या ६५ लाख ५२ हजार उरली. गळती एवढ्यावर थांबली नाहीं. १९११ सालीं ती संख्या ४४ लाखांच्या आंत आली होती. गेलेले लोक अमेरिकेंत, कॅनडांत, ऑस्ट्रेलियांत, इंग्लंड व स्कॉटलंड येथील गिरण्यांत आणि गोद्यांत पसरले. दुष्काळापूर्वींही देशांतर चालूच होतें व दुष्काळानंतर पुष्कळ काळपर्यंत तें चालू राहिलें. म्हणून "आमचे पणजोबा दुष्काळांत आले" असें जें परदेशीं आयरिश घराघरांतून सांगण्यांत येतें, तें दर वेळीं खरें असतेंच असें नाहीं. दुष्काळ हा शब्द त्या लोकांच्या स्मृतींत इतका खोल रुतला आहे कीं, चाळीस वर्षांनीं सुखरूप तिकीट काढून आलेला पूर्वजही नातवंडांच्या तोंडीं उपाशीपोटीं आलेला होतो!

आतां न्यूयॉर्कास किंवा सिडनीस जन्मलेला एखादा गृहस्थ आपल्या पणजोबांचें गांव शोधावयास निघाला असें समजूं. त्याला ठाऊक असतें तें इतकेंच कीं, पणजोबांचें नांव पॅट्रिक मर्फी आणि देश आयर्लंड. ही माहिती जवळजवळ निरुपयोगी होय. मर्फी हें त्या देशांतील सर्वांत अधिक आढळणारें आडनांव, आणि पॅट्रिक हें तर त्यांच्या राष्ट्रसंताचें नांव. त्यांतही थोरल्या मुलाला बापाच्या बापाचें व दुसऱ्याला आईच्या बापाचें नांव ठेवण्याची रीत बऱ्याच घरांतून पाळीत, त्यामुळें एकाच आजोबांच्या चार मुलग्यांच्या घरीं चार पॅट्रिक मर्फी थोड्या वर्षांच्या अंतरानें जन्मलेले सांपडतात. यांतून आपला कोणता तें ठरविण्यास आणखी दोन गोष्टी लागतात : आईचें माहेरचें आडनांव आणि टाऊनलँड.

टाऊनलँड म्हणजे काय हें सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. आयर्लंडच्या ३२ काउंट्या. काउंटीच्या पोटांत बॅरनी, तिच्याखालीं पॅरिश, आणि सर्वांत खालीं टाऊनलँड. हा जमिनीचा लहानसा, स्वतःचें नांव असलेला तुकडा असतो. आपल्याकडील वाडी किंवा पाडा डोळ्यांपुढें आणिला तर कल्पना यावी; फरक इतकाच कीं एकाही घरानें वस्ती नसलेलाही टाऊनलँड असूं शकतो. असे टाऊनलँड साठ हजारांहून अधिक आहेत आणि एकच नांव दहा-दहा ठिकाणीं आढळतें. शिवाय पॅरिशहि दोन प्रकारची. एक सरकारी दफ्तरांतली, जिच्या हद्दी मध्ययुगापासून चालत आल्या व पुढें राजमान्य प्रॉटेस्टंट चर्चनें तशाच ठेविल्या. आणि दुसरी कॅथलिक पॅरिश, जी छळाच्या काळानंतर नव्यानें, लोक व धर्मगुरु यांच्या सोयीनें बसविली गेली. या दोहोंच्या हद्दी जुळत नाहींत आणि कित्येकदां नांवेंही जुळत नाहींत. अनभिज्ञ शोधक एका पॅरिशचा कागद घेऊन दुसरीच्या देवळांत जाऊन उभा राहतो.

गांवाच्या नांवाचा आणखी एक घोटाळा आहे. हीं बहुतेक नांवें मूळ आयरिश भाषेंतील. १८२४ पासून सुमारें वीस वर्षें चाललेल्या सरकारी मोजणींत त्यांस इंग्रजी वळणाचें एकेक रूप कायमचें देण्यांत आलें. जॉन ओ'डोनोव्हन या पंडितानें त्यासाठीं काउंटीकाउंटींतून पायीं हिंडून म्हाताऱ्यांकडून उच्चार उतरवून घेतले, हें त्या मोजणीचें मोठें भाग्य. परंतु बोस्टनास पोंचलेल्या निरक्षर माणसानें आपल्या टाऊनलँडचें नांव तोंडीं सांगितलें आणि तेथील कारकुनानें तें कानाला लागेल तसें लिहिलें. असें लिहिलेलें नांव नकाशांत मिळत नाहीं. तें मोठ्यानें वाचून ऐकावें लागतें.

आडनांवांची गत याहून वेगळी नाहीं. 'ओ' म्हणजे नातू अथवा वंशज, 'मॅक' म्हणजे मुलगा. इंग्रजी अंमलांत हीं उपपदें पुष्कळांनीं टाकिलीं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भाषेचें पुनरुज्जीवन सुरू झालें तेव्हां पुष्कळांनीं तीं परत घेतलीं. त्यामुळें आजोबा सलिव्हन आणि नातू ओ'सलिव्हन असा प्रकार दिसतो. कांहीं ठिकाणीं तर नांवाचें सरळ भाषांतरच झालें. मॅकगावन म्हणजे लोहाराचा मुलगा; काउंटी कॅव्हनमध्यें या नांवाचीं पुष्कळ कुटुंबें 'स्मिथ' होऊन बसलीं. असा स्मिथ अमेरिकेंत उतरला म्हणजे त्याला आयरिश म्हणून ओळखणार तरी कोण? अमेरिकेंत मात्र अशी समजूत आहे कीं, न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरील अंमलदारांनीं लोकांचीं नांवें बदललीं. ती खोटी आहे. तेथील अंमलदार जहाजावरून आलेल्या यादीशीं माणूस ताडून पाहत. ती यादी जहाजकंपनीनें प्रवासाच्या आरंभींच केलेली असे. नांवें बदललीं तीं आधीं घरीं, किंवा मग पुढें शाळेंत व कारखान्यांत.

तेव्हां शोध आरंभावा तो आयर्लंडांत नव्हे, पूर्वज जेथें मेला तेथें. हा नियम ऐकण्यास उलटा वाटतो, परंतु ज्यांनीं हें काम केलें त्या सर्वांचा अनुभव असाच आहे. जहाजांच्या याद्यांत बहुधा 'आयर्लंड' एवढेंच असतें. परंतु थडग्यावरील दगडावर काउंटीचें आणि कधीं पॅरिशचेंही नांव कोरलेलें असतें. ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया प्रांताच्या मृत्यूच्या सरकारी दाखल्यांत मृताच्या आईबापांचीं नांवें व जन्मस्थळ लिहिण्याची चाल १८५३ पासून आहे. आणि अमेरिकेंत तर दोन साधनें अशीं आहेत कीं तीं वाचतांना मन हेलावतें.

त्यांपैकीं पहिलें बोस्टनच्या 'पायलट' या कॅथलिक वृत्तपत्रांतलें. त्यांत १८३१ पासून १९२१ पर्यंत, म्हणजे नव्वद वर्षें, हरवलेल्या आप्तांच्या शोधाच्या जाहिराती येत. बायको नवऱ्याला शोधते, बहीण भावाला, म्हातारी आई मुलाला. तो कोणत्या काउंटींतल्या, कोणत्या पॅरिशमधल्या, कोणत्या टाऊनलँडचा, कोणत्या सालीं निघाला, कोणत्या बंदरीं उतरला, शेवटचें पत्र कोठल्या कालव्याच्या किंवा लोहमार्गाच्या कामावरून आलें, हें सर्व दोन-चार ओळींत सांगितलेलें असे. अशा चाळीस हजारांहून अधिक जाहिराती निघाल्या. जाहिरातीस पैसे पडत. मजुरीच्या पैशांतून ते देणाऱ्यांना आपण पुढील पिढ्यांसाठीं वंशावळ लिहीत आहों याची कल्पनाही नव्हती. त्यांना माणूस हवा होता. कितीजणांस तो मिळाला, हें त्या रकान्यांवरून कळत नाहीं.

दुसरें साधन एका पेढीचें. १८५० सालीं न्यूयॉर्कांतील आयरिश देशांतरितांच्या साह्यकारी मंडळानें, आर्चबिशप जॉन ह्यूज यांच्या प्रोत्साहनानें, गरिबांसाठीं एक बचतीची पेढी काढली. हे ह्यूज स्वतः काउंटी टायरोनमध्यें जन्मले व तरुणपणीं अमेरिकेंत येऊन मजुरी करून शिकले होते. खातेदार पुष्कळसे निरक्षर. सही करितां येत नसे. पैसे काढावयास आलेला माणूस तोच खरा हें ओळखावें कसें? म्हणून खातें उघडतांनाच त्याला विचारून लिहून ठेवीत : जन्म कोठें, आईबाप कोण, भावंडें कोठें आहेत, कोणत्या जहाजानें आलास. चोरट्यानें पैसे नेऊं नयेत म्हणून लिहिलेल्या त्या प्रश्नोत्तरांवरून आज पणतू आपलें गांव काढतात. तीं पुस्तकें न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयांत जतन केलेलीं आहेत.

येथपर्यंत गांवाचें नांव हातीं लागलें असें धरूं. आतां आयर्लंडांत जाऊन काय पाहावयाचें? याचें सरळ उत्तर, खानेसुमारी. १८२१ पासून दर दहा वर्षांनीं त्या देशाची घराघराची मोजणी झाली होती. परंतु ते कागद आज नाहींत. १८६१ व १८७१ च्या मोजणीचे मूळ कागद, आंकडे काढून झाल्यावर, सरकारनेंच नष्ट करविले. १८८१ व १८९१ चे पहिल्या महायुद्धाच्या काळांत लगद्यासाठीं गेले. उरलेले आधींचे चार, १८२१ ते १८५१ पर्यंतचे, डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायमंदिराच्या आवारांतील सरकारी दफ्तरखान्यांत सहा मजली भांडारांत ठेविले होते. त्यांच्यासोबत तेराव्या शतकापासूनचे राजकारभाराचे, मृत्युपत्रांचे, जमिनीचे कागद होते.

१९२२ च्या एप्रिलांत, इंग्लंडशीं झालेला तह अमान्य करणाऱ्या सशस्त्र स्वयंसेवकांनीं फोर कोर्ट्सचा कबजा घेतला. २८ जूनला नव्या सरकारच्या फौजेनें त्या इमारतीवर तोफा डागण्यास आरंभ केला. ३० जूनला प्रचंड स्फोट होऊन दफ्तरखाना पेटला. जळके कागद शहरभर उडाले. वाऱ्याबरोबर ते कित्येक मैलांवर जाऊन पडले, आणि लोकांनीं रस्त्यांतून वेंचले. सातशें वर्षांची लिखित स्मृति एका दुपारीं गेली. भाऊ भावाशीं लढत होता. दोन्ही पक्ष आयरिश होते, आणि जळालें तें दोघांच्याही आजोबांचें नांव. कोणाचा दोष अधिक, हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. आम्हीं त्यांत पडण्याचें कारण नाहीं.

परंतु त्या आगींत काय जळलें नाहीं, हें आमच्या विषयाचें मर्म आहे.

आयर्लंडांत राजमान्य चर्च प्रॉटेस्टंट होतें, आणि बहुसंख्य प्रजा कॅथलिक. १८६९ च्या कायद्यानें त्या चर्चची राजमान्यता काढून घेण्यांत आली व तो कायदा १८७१ पासून अमलांत आला. तेव्हां त्याच्या जुन्या वह्यांचें काय करावें असा प्रश्न निघाला, आणि १८७५-७६ च्या कायद्यांनीं त्या सरकारी दफ्तर ठरल्या. ज्या पाळकांपाशीं सुरक्षित जागा होती त्यांस त्या जवळ ठेवण्याची मुभा मिळाली. बाकीच्यांनीं त्या डब्लिनच्या दफ्तरखान्यांत, अग्नीपासून सुरक्षित म्हणून बांधलेल्या भांडारांत, पाठविल्या. सुमारें एक हजार पॅरिशांच्या वह्या तेथें १९२२ सालीं राख झाल्या. कॅथलिक वह्या मात्र कोणी मागितल्याच नव्हत्या. शासनाच्या लेखीं त्या सरकारी दफ्तर नव्हत्या. एका उपेक्षित धर्मपंथाच्या खासगी टिपणांहून अधिक किंमत त्यांस नव्हती. म्हणून त्या धर्मगुरूंच्या घरीं, ओलसर कपाटांत, पेट्यांत, कधीं जिन्याखालीं पडून राहिल्या, आणि वांचल्या. राज्याच्या मानानें ज्यांस सुरक्षित केलें त्या जळाल्या, आणि राज्याच्या अवमानानें ज्यांस बाहेर ठेविलें त्या उरल्या.

अर्थात् उरल्या म्हणून त्या परिपूर्ण आहेत असें नव्हे. सतराव्या शतकाच्या अखेरीस कॅथलिकांविरुद्ध कडक कायदे झाले. १६९७ च्या कायद्यानें बिशप व मठवासी धर्मगुरु हद्दपार ठरले. १७०४ पासून प्रत्येक धर्मगुरूस सरकारांत नांव नोंदवावें लागे. मिस्सा उघड्या माळावर किंवा कोठारांत होई. अशा स्थितींत वही ठेवणार कोठें? वेक्सफर्ड शहरांतील वह्या १६७१ पासून आहेत, पण तो अपवाद. पूर्वेकडील शहरांत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत नोंदी दिसूं लागतात. पुष्कळ ठिकाणीं १८२९ च्या मुक्ततेच्या कायद्याच्या आगेंमागें. आणि पश्चिम किनाऱ्यावरील कांहीं गरीब पॅरिशांत तर दुष्काळ संपल्यावर. म्हणजे जेथून सर्वांत अधिक माणसें गेलीं तेथीलच वही सर्वांत उशिरा सुरू होते. दुष्काळांत देशांतर केलेल्या मेयो किंवा गॉलवे काउंटीच्या कित्येक माणसांचा बाप्तिस्मा लिहिलाच गेला नाहीं. त्यांच्या वंशजांना या जगांत त्याचा दाखला कधींच मिळावयाचा नाहीं, हें स्पष्ट सांगणें बरें. परदेशांत मोठमोठ्या वंशावळी व रंगीत कुलचिन्हें विकणारे लोक हें सांगत नाहींत.

जेथें वही आहे तेथें मात्र ती बोलते. बहुतेक नोंदी लॅटिनमध्यें किंवा इंग्रजींत. लोकांची बोली आयरिश असे तरी ती वहींत क्वचितच उतरली. लॅटिनमुळें जेम्स हा याकोबुस होतो, विल्यम हा गुलिएल्मुस, ब्रिजेट ही ब्रिजिदा. तारीख, मुलाचें नांव, बापाचें नांव, आईचें नांव माहेरच्या आडनांवासह, आणि धर्मपिता व धर्ममाता. आईचें माहेर लिहिण्याची ही कॅथलिक चाल शोधकास वरदानच होय, कारण त्याच काळच्या प्रॉटेस्टंट वह्यांत तें बहुधा नसतें. धर्मपिता व धर्ममाता बहुतकरून मामा, मावशी, काका, आत्या. म्हणून दोन ओळींत दोन कुळें सांपडतात. कांहीं धर्मगुरूंनीं टाऊनलँडही लिहिला, कांहींनीं नाहीं. एखाद्याचें अक्षर मोत्यासारखें, एखाद्याचें असें कीं वाचणाऱ्यानें संतापावें. पण तो धर्मगुरु दहा मैल पावसांतून घोड्यावर जाऊन, खोपटांत मुलाला बाप्तिस्मा देऊन, खिशांतल्या चिटोऱ्यावर टिपून आणलेलें रात्रीं वहींत चढवीत असे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे राग आवरतो. दफनाच्या नोंदी मात्र या वह्यांत फार थोड्या. दुष्काळांत मेलेल्यांचीं नांवें म्हणूनच बहुतांशीं कोठेंच नाहींत. १८४७ नंतर पुष्कळ पॅरिशांच्या वह्यांत बाप्तिस्म्यांची संख्या एकदम घसरते, तेवढीच काय ती त्यांची नोंद.

या वह्यांचीं छायाचित्रें विसाव्या शतकाच्या मध्यास डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें घेतलीं, आणि जुलै २०१५ मध्यें १,०८६ पॅरिशांच्या वह्यांचीं ३ लाख ७० हजारांहून अधिक पानें सर्व जगास विनामूल्य पाहतां येतील अशीं संगणकजालावर खुलीं केलीं. त्या नोंदी बहुतेक १८८० च्या सुमारापर्यंतच्या आहेत. जळालेल्या दफ्तरखान्याचेंही कांहीं झालें. १९१९ सालीं, आगीच्या तीनच वर्षें आधीं, तेथील अधिकारी हर्बर्ट वुड यांनीं भांडारांतील कागदांची सूची छापली होती. तिच्या आधारें, इतरत्र उरलेल्या नकला जमवून, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजनें २०२२ सालीं, आगीच्या शंभराव्या वर्षीं, संगणकावर पुन्हा उभारलेला तो दफ्तरखाना खुला केला. १९०१ आणि १९११ या दोन खानेसुमाऱ्याही वांचल्या असून त्या सर्वांस पाहतां येतात.

जळालेल्या खानेसुमारीचे कांहीं तुकडे तर म्हाताऱ्यांनीं वांचविले, आणि तेही नकळत. १९०८ चा पेन्शनचा कायदा होऊन जानेवारी १९०९ पासून सत्तर वर्षांच्या गरीब माणसास आठवड्यास पांच शिलिंग मिळूं लागले. पण जन्माची सरकारी नोंद आयर्लंडांत १८६४ पासूनची. १८३९ सालीं जन्मलेल्या म्हातारीनें आपलें वय कसें सिद्ध करावें? तिनें अर्जांत आपल्या आईबापांचीं नांवें व टाऊनलँड लिहावा, आणि दफ्तरखान्यांतील कारकुनानें १८४१ किंवा १८५१ च्या खानेसुमारींत तें घर शोधून उतारा द्यावा, अशी व्यवस्था झाली. अशा हजारों अर्जांचे कागद निराळे ठेविले गेले. पुढें मूळ खानेसुमारी जळाली आणि हे उतारे राहिले. पांच शिलिंगांसाठीं म्हातारीनें केलेला अर्ज आज तिच्या बालपणींच्या घरचा एकमेव पुरावा आहे.

याच प्रकारचीं आणखी दोन साधनें आहेत तीं थोडक्यांत सांगतों. १८२३ ते १८३७ या काळांत, प्रॉटेस्टंट पाळकांच्या निर्वाहासाठीं सर्व पंथांच्या कुळांवर जो दशमांश बसवीत, त्याच्या याद्या. आणि सर रिचर्ड ग्रिफिथ यांनीं १८४७ ते १८६४ पर्यंत छापलेली घरजमिनीची आकारणी, जींत प्रत्येक टाऊनलँडमधील कुळाचें व त्याच्या जमीनदाराचें नांव आहे. दोन्ही याद्या पैसा वसूल करण्यासाठीं केलेल्या. ज्याच्याजवळ घर वा जमीन कांहींच नव्हतें तो त्यांत नाहीं.

असा कागदावर कागद जुळवीत गेलें तरी चूक होतेच, आणि ती किती मोठी होऊं शकते याचें उदाहरण अमेरिकेनेंच घालून दिलें आहे. १ जानेवारी १८९२ रोजीं एलिस बेटाचा उताराकक्ष उघडला तेव्हां पहिली उतरलेली मुलगी कॉर्कची ॲनी मूर. अँथनी व फिलिप या दोन धाकट्या भावांना घेऊन ती 'नेवाडा' जहाजानें आली. आईबाप आधींच न्यूयॉर्कास होते. अंमलदारानें तिला दहा डॉलरांचें सोन्याचें नाणें दिलें. वर्तमानपत्रांनीं तिचें वय पंधरा लिहिलें. कागदपत्रांवरून ती सतरा वर्षांची होती. पुढें अनेक वर्षें सर्वजण असें मानीत आले कीं, ही ॲनी पश्चिमेस टेक्सासला गेली व तेथें अपघातांत वारली. त्या टेक्सासच्या कुटुंबाला समारंभांस मानानें बोलावण्यांत येई. २००६ सालीं मेगन स्मोलेन्यॅक या वंशशोधक बाईंनीं मूळ कागद पाहिले तेव्हां आढळलें कीं, टेक्सासची ॲनी मूर जन्मलीच इलिनॉय संस्थानांत. ती कधीं बोटींतून आलीच नव्हती! खरी ॲनी न्यूयॉर्क सोडून कोठें गेली नाहीं. शहराच्या पूर्वेकडील गरीब वस्तींत ती राहिली. जर्मन वंशाच्या तरुणाशीं तिचें लग्न झालें. पुष्कळ मुलें झालीं, त्यांतलीं कित्येक लहानपणींच गेलीं. १९२४ सालीं ती वारली आणि कॅल्व्हरी या कॅथलिक दफनभूमींत पुरली गेली. दोन बंदरांत तिचे पुतळे उभे होते, पण तिच्या थडग्यावर दगड नव्हता. तो २००८ सालीं, आयर्लंडहून आणलेल्या दगडाच्या क्रुसाच्या रूपानें, उभारण्यांत आला. आमच्या मतें, नांव जुळलें म्हणजे माणूस जुळला असें समजणाऱ्या प्रत्येकानें ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

आतां घराजवळ येऊं. देशांतराचा एक फांटा आपल्याकडेही आला होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या पलटणींसाठीं आयर्लंडांत भरती चाले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत बंगालच्या सैन्यांतील गोऱ्या शिपायांत जवळजवळ निम्मे आयरिश होते. मुंबईची जी गोरी पलटण होती तीच पुढें १८८१ सालीं 'रॉयल डब्लिन फ्युझिलियर्स'चा भाग झाली; मुंबईचें नांव जाऊन डब्लिनचें आलें. १८४६ सालीं बटाट्याच्या रोगाची वार्ता हिंदुस्थानांत पोंचतांच कलकत्त्यास निधि उघडून सुमारें १४ हजार पौंड आयर्लंडास पाठविण्यांत आले. परदेशांतून गेलेल्या अगदीं पहिल्या मदतींपैकीं ती एक होती. पुण्याच्या छावणींतील सेंट पॅट्रिकचें देऊळ १८५० च्या सुमाराचें. कोंकणस्थ वा घाटावरच्या ख्रिस्ती मनुष्यानें त्याला सेंट पॅट्रिकचें नांव दिलें नसतें. तें छावणींतील आयरिश शिपायांची खूण आहे.

या शिपायांचा माग, गंमत अशी कीं, अमेरिकेस गेलेल्यांपेक्षां पुष्कळदां सोपा लागतो. भरतीच्या वेळीं प्रत्येकास जन्माची पॅरिश व काउंटी विचारून लिहीत. पळून गेला तर शोधतां यावा हा हेतु. म्हणून बापजाद्यांनीं ज्याची आठवणही ठेविली नाहीं त्या गांवाचें नांव लष्कराच्या कागदांत आढळतें. मुंबई इलाख्यांतील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदींच्या नकला १७०९ पासून लंडनला जात. कॅथलिक देवळांच्या नोंदी पुढें त्यांत येऊं लागल्या, पण त्या अपुऱ्या आहेत. लंडनला नक्कल गेली नसेल तेथें मूळ वही हीच एक साक्ष. अशा वहींत शिपायाचें नांव, बायकोचें नांव, मुलाचें नांव, पलटणीचा आंकडा एवढें असतें. आयर्लंडांतील गांव नसतें. गांव लष्कराच्या कागदांत, त्या गांवाच्या वहींत शिपायाचा स्वतःचा बाप्तिस्मा, आणि त्याच्या मुलाचा बाप्तिस्मा आपल्या इकडच्या वहींत. तीन ओळी, तीन ठिकाणीं. मधली एक नाहींशी झाली कीं दोन्ही बाजूंचीं माणसें एकमेकांस अनोळखी राहतात.

१८४७ सालीं कॅनडांतील क्वेबेकजवळच्या ग्रोस ईल बेटावर तापानें मेलेल्या पांच हजारांहून अधिक आयरिश लोकांना पुरण्यांत आलें. त्यांचीं पोरकीं मुलें फ्रेंच बोलणाऱ्या कॅथलिक शेतकऱ्यांनीं आपल्या घरीं नेलीं. त्यांतील पुष्कळांनीं मुलांचें आयरिश आडनांव बदललें नाहीं. जीं मुलें नेलीं त्यांच्या आईबापांचीं नांवें धर्मगुरूंनीं ठाऊक होतीं तेवढीं उतरवून ठेविलीं. आज क्वेबेकांत फ्रेंचशिवाय दुसरी भाषा न जाणणारे रायन आणि केली भेटतात.